शुभांगीच्या गाडीचं पिनियन

कुणाजवळ बोललो नाही आजवर. शुभांगीजवळ तर नाहीच — आणि बोलायला हवं होतं ते तिच्याजवळच.

रिमोटच्या गाड्यांचं वेड माझं. लग्नानंतर तिलाही एक घेऊन दिली. म्हटलं, रविवारी सोबत येईल, माझं कौतुक करेल. भनपुरीत गोदामांच्या मागे मोकळं मैदान आहे, तिथं आम्ही काही जण गाड्या पळवतो. वर्षभरात ही बाई मलाच हरवायला लागली. “भैया, भाभी ने फिर निपटा दिया,” मित्र म्हणायचे. मीही हसायचो — दुसरं काय करणार?

मोटरच्या टोकाला एक दातेरी चाक असतं, पिनियन. मोठं लावलं की गाडी सुसाट, पण मोटर तापते. मैदानातली माती भुसभुशीत, मोटरवर आधीच ताण, म्हणून ती छोटंच लावायची. पिनियन आणि त्याला लागून फिरणारं मोठं चाक, या दोघांच्या दात्यांमध्ये कागदाचा कपटा धरून मोटर कसायची, म्हणजे ते फार घट्ट बसत नाहीत. मीच शिकवलं होतं.

एका शनिवारी ती शेजारी हळदीकुंकवाला गेली आणि मी तिच्या गाडीत मोठं पिनियन बसवलं. कागद धरून, अगदी नीट. रागाच्या भरात झालं म्हणू? मग हात इतका स्थिर कसा होता?

दुसऱ्या दिवशी भर शर्यतीत तिची मोटर जळली. तिनं तिथंच गाडी खोलली आणि बघत राहिली. “मी तं छोटंच लावलं होतं नं?” — मलाच विचारलं. “घाईत चुकलं असन. होते असं,” मी म्हणालो. वर तिच्या पाठीवर हातही ठेवला. त्या हाताची मला किळस येते.

गाडी तिनं पुन्हा काढली नाही. तेवढ्यावर थांबलं असतं तर — पण नाही थांबलं. समता कॉलोनीतल्या एका दवाखान्यात ती रक्त तपासायचं काम करते. गेल्या वर्षी डॉक्टरांनी अख्खी लॅब तिच्यावर सोपवायचं ठरवलं. ती नको म्हणाली. “माह्या हातून चुकते, अन् मले समजतबी नाही,” घरी येऊन मला सांगितलं. तेव्हा बोलता आलं असतं. मी चहा पीत होतो. तो संपवला आणि कप ठेवून आलो.

हल्ली गॅस बंद केला तरी ती हाक मारते, “तुमी एकदा पाहून घ्या नं.” मी उठतो. गॅस बंदच असतो. तरी बटण जरासं फिरवल्यासारखं करतो आणि म्हणतो, “हव, आता झाला बंद.”