मास्तरांची अकरा दिवसांची ट्रायल

...तर काल सांगता सांगता राहिलं ते हे, की दुरुस्तीवाल्यानं मास्तरांचा लॅपटॉप उलटा करून पाहिला, एक फुंकर मारली आणि म्हणाला, "काका, याची सिस्टिम जुनी झाली. नवी याला झेपायची नाही. दुसराच घ्या."

मास्तर म्हणजे आमचे टेलरमास्तर. गावच्या शाळेत आम्ही एकाच बाकावर बसायचो, म्हणून चारचौघांत 'मास्तर' आणि घरच्या माणसांत 'अरे-तुरे'. मास्तरांनी लॅपटॉप काखेत मारला आणि त्याला ऐकवलं, "माझं शिवणयंत्र बावन्न वर्षांचं आहे. कुरकुरलं की मी त्याला तेल देतो, निरोप देत नाही."

त्यांची मुलगी नर्स आहे. रविवारी ती एक पेन ड्राइव्ह घेऊन आली. "बाबा, यात लिनक्स आहे, म्हणजे दुसरी सिस्टिम, जुन्या लॅपटॉपलाही झेपणारी. नवशिक्यांसाठीचं, सोपं. लॅपटॉपमधलं काहीही न बदलता नुसतं यावरून चालवून बघता येतं. पटलं तर कायमचं बसवू."

मास्तर जे खूश झाले म्हणता! उभा जन्म हा माणूस गिऱ्हाइकांना सांगत आलाय, आधी कच्चा टाका, मग अंगावर घालून बघा, मगच पक्की शिवण. कॉम्प्युटरवाल्यांनाही एवढी अक्कल असते हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

झालं! रोज दुकान उघडलं की पेन ड्राइव्ह खुपसायचा आणि लॅपटॉप चालू करायचा. पडद्यावर ठसठशीत चित्रं, चष्म्यावाचूनही दिसतील अशी. हाती बँडच्या बावीस वादकांचे कोट होते. मास्तर एका बोटानं बावीस जणांची मापं टाइप करायचे. छाती, कंबर, खांदा, बाही. संध्याकाळी बंद. सकाळी उघडावं तर पाटी कोरी! ट्रायलमध्ये काही टिकत नाही, हे मुलीनं सांगितलेलं होतं. तरी गडी वही उघडून पुन्हा पहिल्यापासून बसे. ट्रम्पेटवाल्याची कंबर शेहेचाळीस, हे आता मलाही पाठ झालंय.

अकराव्या दिवशी मुलगी पुन्हा आली आणि बघतच राहिली. "बाबा, अजून ट्रायलच? अहो, नवरदेवसुद्धा इतक्यांदा कोट घालून बघत नाही!"

मास्तर टेपचं टोक बोटाला गुंडाळत बसले. शेवटी मीच तोंड उघडलं. "अगं, ते बसवायला गेलं की पडद्यावर लिहून येतं, डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल म्हणून. हा तिथवर जातो आणि परत फिरतो. रोज."

त्या डिस्कवर तिच्या आईचे नमुने होते. वहिनी गळ्यांची, बाह्यांची चित्रं कागदावर काढायच्या. त्या गेल्या त्याच्या आदल्या वर्षी दोघांनी मिळून त्या सगळ्या चित्रांचे फोटो काढून लॅपटॉपात ठेवले. कागद पुढे वाळवीनं खाल्ले. दुसरी प्रत नाही.

मुलीनं कपाळावर हात मारला, पण आवाज मऊ झाला. "मला सांगायचं तरी, बाबा!" आणि ट्रायल चालू असतानाच तिनं एक खिडकी उघडली, तर जुनी डिस्क जशीच्या तशी समोर! तीनशे बारा नमुने. अकरा दिवस ते दोन टिचक्यांवर होते आणि मास्तर ट्रम्पेटवाल्याची कंबर मोजत होते.

तिनं ते एका वेगळ्या पेन ड्राइव्हवर उतरवले, मग आणखी एकावर. मास्तर एवढ्यावर ऐकतात होय? मूळ आणि नक्कल शेजारी ठेवून एकेक चित्र ताडून पाहिलं. दोन गिऱ्हाइकं कंटाळून निघून गेली, चहा दोनदा गार झाला. एका गळ्यापाशी थांबून मास्तर हसायलाच लागले. "हा तिनं माझ्याशी भांडून काढला होता. बघ, रागात किती खोल गेलाय!"

सगळं ताडून झालं तेव्हा कुठे कायमचं बसवायचं बटण दाबलं. पडद्यावर पट्टी सरकू लागली, आणि इकडे माझ्या मनगटावर मास्तरांची पकड घट्ट होत गेली. मी म्हटलं, "काय रे, नमुने दोन ठिकाणी आहेत, तू स्वतः तपासलेस. आता कसली भीती?"

पट्टीवरची नजर न हलवता मास्तर म्हणाले, "वाटतेय की भीती! म्हणून तर तुला धरून ठेवलंय. हलू नकोस, अजून अठ्ठ्याहत्तर टक्केच झालंय."