मंगळवारचे पाहुणे

पाहुण्यांना मी मंगळवार दिला, ही माझी चूक. करताना मला ती हुशारी वाटली होती. माझ्या बहुतेक चुका अशाच असतात.

झालं असं. आमची मुलगी टेनिस खेळते. फावल्या वेळात नाही, तेच तिचं काम आहे; हे मी इतक्या लोकांना समजावलंय की आता नाव-पत्ता सांगावा तसं तोंडातून येतं. जगातल्या खेळाडूंच्या यादीत तिचं नाव आहे. खाली आहे, मोबाइलवर सरकवून सरकवून अंगठा दुखायला लागला की सापडतं, पण आहे. अशा खालच्या नंबरवाल्यांना स्पर्धेत थेट जागा नसते. आधी रविवारी आणि सोमवारी पात्रता फेरी खेळायची, दोन्ही सामने जिंकले तरच मंगळवारी मुख्य फेरी. आणि या खेळात शेवटी एक जण सोडून बाकी सगळे आठवड्यात कधी ना कधी हरतातच, त्यामुळे परतीचं तिकीट आधी काढता येत नाही. सात वर्षं तिला स्टेशनवरून आणता आणता मी त्यातला तज्ज्ञ झालो होतो. रविवारी हरली की सोमवारी घरी, सोमवारी हरली की मंगळवारी. ऑफिसात मंगळवारच्या रजेचा अर्ज मी आधीच लिहून ठेवायचो.

यंदा स्पर्धा सोलापुरातच होती. आणि नेमकं त्याच सुमाराला माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, कुर्डुवाडीचं स्थळ आणलं. मुलगा रेल्वेत, वडील रेल्वेच्याच वर्कशॉपातून निवृत्त, माणसं सरळ. अक्का वेळापूरहून फोनवर म्हणाली, "चोवीस सरली की पोरीला. अजून किती दिस चेंडू बडवणार हाय ती? पाव्हण्यान्ला मी काय सांगू?"

"ही शेवटची स्पर्धा, म्हणून सांग," मी म्हणालो. "आणि मंगळवारी या म्हणावं. तोवर ती मोकळी होईल."

मुलीला मी यातलं काहीच विचारलं नव्हतं.

रविवारी ती जिंकली. मी पेढे आणले. सोमवारी ती परत जिंकली, आणि पेढे आणायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मी स्टुलावर चढून पंखा पुसत होतो. आमच्या घरात पंखा फक्त पाहुण्यांसाठी पुसला जातो.

"कोण येतंय?" तिनं खांद्यावरची बॅग न उतरवता विचारलं.

मी पंख्याच्या पात्यालाच उत्तर दिलं. तिनं आईकडं पाहिलं. बायको म्हणाली, "माझ्याकडं बघू नकोस. मला उद्या पोहे भिजवायला सांगितलंय. बाकीचं त्यांना विचार."

"पप्पा, मंगळवारच का?"

"त्यांना सोयीचा होता."

"त्यांना की तुम्हाला? मी काल नाहीतर आज हरणार, असा हिशोब केलात ना?"

स्टुलावर उभ्या माणसाला खोटं बोलणं अवघड जातं, तोल सांभाळावा लागतो. मी मान हलवली. मग ही शेवटची स्पर्धा असा अक्काला दिलेला शब्दही सांगून टाकला. तिनं बॅग खाली ठेवली. ती रडेल असं मला वाटलं, म्हणजे तोही अंदाज चुकला.

"येऊ द्या त्यांना," ती म्हणाली. "पण घरी नाही. उद्या अकराला कोर्टवर. मुलगी बघायची ना? मग तिथं बघा म्हणावं." आणि रॅकेटच्या तारा ओढून घ्यायला निघूनही गेली.

मी पाहुण्यांना फोन केला. माझी आशा अशी की ते रागावून यायचंच रद्द करतील. मुलाचे वडील म्हणाले, "येतो की. रजा टाकलीय पोरानं, आता मोडायची कशाला?"

मंगळवारी सकाळी आम्ही सहा जण कोर्टशेजारच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर रांगेत बसलो होतो. मुलगा, त्याचे आईवडील, अक्का, बायको आणि मी. जयभीम झाला, प्रवास कसा झाला ते झालं. डिसेंबर असला तरी सोलापूरचं ऊन ते, पायऱ्या तव्यासारख्या तापत होत्या. अक्काच्या मांडीवरच्या पिशवीत साडी होती आणि दोन मापांच्या बांगड्या, कारण आमच्या पोरीचं उजवं मनगट डाव्यापेक्षा जाड आहे. "हरली की इथल्याच खोलीत नेसवते," अक्का माझ्या कानात म्हणाली. तिची कुजबुज तिसऱ्या पायरीपर्यंत जाते.

बायकोनं पोह्याचा डबा उघडला. स्टीलचं झाकण ते, निसटलं आणि तीन पायऱ्या वाजत खाली गेलं. त्याच क्षणी समोरची परदेशी मुलगी सर्व्हिसचा चेंडू वर टाकत होती. ती थांबली. उंच खुर्चीतल्या पंचबाईंनी आमच्याकडं पाहून "शांतता, प्लीज" म्हटलं. माझ्या मुलीनं पाहिलं नाही. मान न वळवताही तिला कळलं असणार की ही आपल्याच घरची माणसं.

"मयताला आल्यागत गप काय बसायचं गं बाई," अक्का पुटपुटली.

पहिला सेट ती हरली. अक्कानं पिशवीतून साडी अर्धी बाहेर काढली. दुसऱ्या सेटमध्ये काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी निम्मा वेळ बुटांकडं बघत होतो. पण दर वेळी मान वर करावी तर ती त्या कोपऱ्यातून ह्या कोपऱ्यात पळत असायची. दमलेलं माणूस जसं चिडून पळतं तशी. दुसऱ्या कुणी दोन फटक्यांत संपवला असता त्या गुणासाठी ती वीस वेळा चेंडू परतवायची. तो सेट तिनं घेतला. मुलाची आई टाळी वाजवायची ती मध्येच, चुकीच्या वेळी, आणि दर वेळी हात पदराखाली लपवायची. अक्का पोहे खायची थांबली होती. "व्हय रं," ती मला म्हणाली, "रोज असंच पळतीया व्हय ही?"

"रोज."

"मला कुटं सांगितलंस तू?"

तिसरा सेट अगदी शेवटाला आला. समोरचीला एकच गुण हवा होता आणि सर्व्हिस आमच्या मुलीची. पहिली जाळ्यात गेली. दुसरी, म्हणजे शेवटची संधी, सगळे जपून, हळू टाकतात. हिनं पहिलीसारखीच सणसणीत मारली. चेंडू रेषेच्या बाहेर पडला, बोटभर. संपलं.

हात मिळवून, बॅग आवरून ती थेट आमच्याकडं आली. चेहऱ्यावर घामाचं मीठ, एका गुडघ्यावर खरचटलेलं, मोजे जिथं संपतात तिथं पायाचा रंग बदललेला. नमस्कार केला आणि उभीच राहिली.

मुलाच्या वडिलांना खरंच कळायचं होतं. ते म्हणाले, "बाळ, शेवटचा तेवढा हळू टाकायचा होता की."

"हळू टाकला असता तर तिनं मारला असता, काका. मी मारून हरले."

त्यांनी मान डोलावली. मग माझ्याकडं वळून अगदी मऊ आवाजात म्हणाले, "म्हणजे आता आपलं ठरल्यासारखं... ही शेवटची म्हणायची ना?"

ती माझ्याकडं बघत होती. कोर्टवर एवढा वेळ एकदाही बघितलं नव्हतं, ते सगळं आता एकदम. म्हणाली, "परवा मी इंदूरला निघालेय. तिथंही रविवारपासून पात्रता फेरी आहे. पप्पा तुम्हाला काय म्हणाले ते मला माहीत नाही."

माहीत होतं तिला. तिनं मला खरं बोलायला जागा करून दिली होती.

"शेवटची असं मी म्हणालो," मी म्हणालो. वाक्य चालू होतं, म्हणून थांबलो नाही. "ती म्हणाली नव्हती. मला तसं म्हणायचा हक्क नव्हता. ती खेळणार. पाय चालतील तोवर खेळणार. ज्यांना चालतं त्यांनी पुढं बोलावं, ज्यांना नाही त्यांनी पोहे खाऊन जावं."

शेवटचं जरा जास्त झालं. अक्कानं कपाळाला हात लावला. मुलाचे वडील उठले, हात जोडले, "कळवतो," म्हणाले. कळवतो म्हणजे काय ते दोन्ही बाजूंना कळतं. मुलगा जाताना पायरीवर थांबून मुलीला म्हणाला, "मी असतो तर हळूच टाकला असता." ती हसली. त्यात पुढं काही नाही, उगीच अर्थ काढू नये.

घरी येईपर्यंत मी चांगलाच फुगलो होतो. चार माणसांत, थोरल्या बहिणीसमोर, मी बोललो होतो. बायको स्वयंपाकघरात उरलेले पोहे काढत होती. मी दाराला टेकून विचारलं, "बरोबर बोललो ना मी?"

"पाहुण्यांना सांगितलंत, अक्कांना सांगितलंत," ती म्हणाली. "ती हरणारच असं धरून चालला होतात, त्याचं तिला काय सांगितलंत? आत बसलीय, बर्फाच्या बादलीत पाय घालून. जा."