सावकाश आणि त्याची धार

माझ्या थोरल्या भावाला सगळे सावकाश म्हणतात. खरं नाव आता पोस्टमनलासुद्धा आठवत नाही. आमच्या घरामागच्या डोंगराची जी लांबलचक, दातेरी धार आहे, तिच्यावरून तो लोकांना दोर बांधून नेतो आणि सुखरूप परत आणतो. एवढाच त्याचा धंदा, जन्मभराचा. वर गेला की तोंडात एकच शब्द. पाय टाकताना सावकाश, हात धरताना सावकाश, कुणी घाबरून रडायला लागलं तर रडतानाही सावकाश. आणि घरी बघाल तर एक नंबरचा धांदरट! चहाने तोंड भाजून घेईल, शर्टाची बटणं वरखाली लावेल, जिन्यावरून धडपडत येऊन माझ्या दुकानाच्या दारावर आदळेल. मी म्हणते, अरे बाबा, थोडा सावकाशपणा घरातही वापर की. तर म्हणतो, "तो वरच ठेवून येतो मी."

दुकान माझं, बुटांचं. नवे विकत नाही, जुने दुरुस्त करते. तळमजल्यावर एक खोली, भिंतीला लावून बूट चढवायचे लाकडी पाय ओळीने मांडलेले, खिडकीजवळ माझं स्टूल, आरी, सुतळी आणि सोल्युशनचा डबा. त्या वासाने नव्या माणसाचं डोकं उठतं, मला मात्र त्याच्याशिवाय चैन पडत नाही. वरच्या खोलीत दादा. त्याच्या खुंट्यांवर कपडे कमी आणि दोर जास्त. लग्न केलं नाही. एकदा जमत आलं होतं, पण मुलीने विचारलं, घरी साधारण किती वाजता येत जाल? तर हा शहाणा म्हणतो, "ढग बघून सांगतो." संपलं!

ट्रिपच्या आदल्या संध्याकाळी त्याची गिऱ्हाइकं माझ्या दुकानात जमतात. बँकेतले साहेब येतात, नवीन लग्न झालेली जोडपी येतात, निवृत्त मास्तर येतात. मी त्यांचे तळवे तपासते, सुटलेली शिवण ओढून घेते. मग दादा दाराला टेकून त्यांना धारेचा नियम सांगतो. "धार एका जागी इतकी निमुळती आहे की दोन्हीकडे नुसती हवा. दोर अडकवायला तिथे काही नाही. तुम्ही डावीकडे पडलात, तर मी उजवीकडे उडी मारणार. दोर धारेवर अडकेल, दोघं लोंबकळू, पण वाचू. आणि मी पडलो, तर तुम्ही दुसऱ्या बाजूला उडी मारायची. विचार करत बसायचं नाही." लोक हसतात. मग याच्या तोंडाकडे बघतात आणि गप्प होतात.

खरोखर उडी मारायची वेळ त्याच्यावर एकदाच आली, एका दातांच्या डॉक्टरीणबाईंसाठी. बाई डावीकडे गेल्या, हा उजवीकडे गेला. दोघांनाही खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. तेव्हापासून त्या याचे दात फुकट बघतात, आणि एवढा धारेवरचा वाघ, त्यांच्या खुर्चीत बसला की घामाने निथळतो.

झोपेतही तो वरच असतो. मी कधी दुपारी त्याच्या खोलीत गेले, तर पांघरुणावर त्याची बोटं हळूहळू सरकताना दिसतात. चाचपडतात, थांबतात, काहीतरी धरतात. चेहरा असा शांत की हाक मारवत नाही. मी तशीच उभी राहते आणि मलाही वाटायला लागतं, की खोली कुठेतरी उंच निघाली आहे, खिडकीबाहेर रस्ता नाहीच, नुसता पांढरा उजेड आहे. मग खाली कुणीतरी दुकानाची घंटी वाजवतं आणि मी चरफडत जिना उतरते.

यंदा त्याचे बूट माझ्याकडे आले आणि मी ते उलटे करून बघतच राहिले. आयुष्यभर दोन्ही तळवे सारखे झिजवणारा माणूस, आणि उजव्या बुटाची बाहेरची कड पार खाल्लेली. म्हणजे चालताना तोल एकीकडे जातो आहे. मी विचारलं, तर म्हणे बूटच भिकार आहेत. माझ्या हातून दुरुस्त झालेले बूट, आणि भिकार! मग मी पाळत ठेवली. जिन्यावर मध्येच थांबून भिंत धरताना तो मला सापडला.

"कधीमधी डोळ्यांसमोर पांढरं होतं," तो म्हणाला. "क्षणभरच. लगेच जातं."

"डॉक्टरकडे गेला होतास?"

"गेलो होतो. त्यांनी गोळ्या दिल्या आणि वर जाऊ नका म्हणाले."

"मग?"

"गोळ्या घेतोय ना."

मी हातातला बूट त्याच्या अंगावर फेकला. खरंच फेकला. "लोक तुझ्या दोराला जीव बांधतात, मेल्या! त्या क्षणात कुणी गेलं तर?" दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला, लाकडी पायांवरची धूळ उगाच झटकत राहिला, आणि म्हणाला, "ठके, गिऱ्हाइकं मी बंद केलीत. तू एकदा चल माझ्याबरोबर. माझ्या दोरावर. वर गेल्यावर तू बंद म्हणालीस, तर कायमचं बंद. चालू म्हणालीस, तर चालू."

मी! मला स्टुलावर चढून बल्ब बदलताना घाम फुटतो. जन्म त्या धारेच्या पायथ्याशी गेला, पण वर कधी पाऊल टाकलं नव्हतं. आणि हा चक्कर येणारा माणूस मला नेणार! मूर्खपणाच होता, त्याचाही आणि माझाही. पण मी हो म्हटलं, कारण काय म्हणायचं ते मी आधीच ठरवून ठेवलं होतं. बंद. बाकी काही नाही. त्याच्या डोळ्यांकडे बघितलं तर वाटलं, त्यालाही ते ठाऊक असावं.

सकाळी निघालो. झाडी संपली, मग गवत संपलं, आणि नुसता कातळ उरला. त्याने माझ्या कमरेला पट्टा बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली, आणि पुढे झाला. मला वाटलं होतं मी रडेन, ओरडेन. तसं काही झालंच नाही. हा माझा धांदरट भाऊ कुठे गेला कोण जाणे. त्याच्या जागी एक वेगळाच माणूस चालत होता, कातळाला हात लावायच्या आधी त्याची परवानगी घेतल्यासारखा. "इथे बोटं घाल. आता डावा पाय. बघ, जागा आहे." आणि जागा असायचीच. खालून ढग आले आणि दोन्ही दऱ्या भरून गेल्या. रस्ते गेले, घरं गेली, माझं दुकान गेलं. पांढऱ्यावर तरंगणारी धारेची एक पट्टी तेवढी उरली, आणि तिच्यावर आम्ही दोघं. मला भीतीच वाटेना. लहानपणी तापात पडल्यावर असं व्हायचं, सगळं दूर आणि मऊ. मनात आलं, हे याच्याकडून काढून घ्यायचं? मी कोण काढून घेणारी? आणि ठरवलेला तो शब्द मनातल्या मनात मी खोडून टाकला.

निमुळत्या जागेवर आलो. तो काही पावलं पुढे होता. चालता चालता थांबला, मान किंचित वर केली, आणि काही न बोलता डावीकडे गेला. ओरडला नाही, हात नाही मारले. आत्ता माणूस होता, आत्ता नव्हता.

मी उडी मारली असं सगळे म्हणतात. मी काही मारलीबिरली नाही. माझं अंगच गेलं उजवीकडे, मला न विचारता. कमरेला जोरात हिसका बसला, गुडघा फुटला, आणि मी पांढऱ्यात लोंबकळत राहिले. वर धारेवर दोर करकरत होता. पलीकडून काहीच आवाज नाही.

"दादा! ए दादा!"

बराच वेळ काही नाही. मग धारेपलीकडून, शेजारच्या खोलीतून यावा तसा आवाज आला. "ठके? कुठल्या बाजूला आहेस?"

"तुझ्या पलीकडे."

"शाबास," तो म्हणाला.

मग आम्ही तसेच राहिलो, मध्ये एवढा डोंगर आणि दोन टोकांना आम्ही. सांगायला लाज वाटते, पण मला तिथे बरं वाटलं. तो कण्हत होता, मध्येच हसत होता. माझ्या भावाचं अख्खं वजन माझ्या कमरेला होतं आणि माझं त्याच्या. मला हलायचंच नव्हतं.

"आता ऐक," तो म्हणाला. "पायाला खोबण शोध. मीही शोधतो. दोघं उभे राहिलो की तू आधी वर ये, आणि धारेवर एक पाय इकडे, एक तिकडे टाकून बैस. घाई नको."

खोबण सापडली. कशी चढले ते विचारू नका, नखं तुटली, शिव्या दिल्या, पण चढले आणि बसले. मग पलीकडून त्याचा हात आला, मग खरचटलेलं कपाळ. आम्ही समोरासमोर बसलो. त्याचे ओठ पांढरे पडले होते. पुढची रुंद जागा येईपर्यंत आम्ही बसल्या बसल्याच सरकत गेलो.

तिथे तो पाणी प्यायला, बाटली माझ्याकडे देत म्हणाला, "बोल."

माझ्या तोंडून निघालं, "तुझा पाय घसरला रे. कातळ ओला होता. कुणाचाही घसरला असता. चालू ठेव तू."

धडधडीत खोटं. आम्ही दोघांनीही त्या कातळाला हात लावले होते, खडखडीत कोरडा होता. तो माझ्याकडे बघत राहिला, मग त्याने माझ्या गुडघ्यावरचं रक्त बाहीने पुसलं.

"वाईट खोटं बोलतेस तू," तो म्हणाला. "पण बरं वाटलं."

उतरायची वेळ झाली. उतरताना गिऱ्हाईक पुढे, खालच्या अंगाला असतं, आणि वाट दाखवणारा मागे, वर. खालचा घसरला तर वरच्याने त्याला धरायचं असतं, म्हणून. दादाने माझ्या गाठी पुन्हा तपासल्या. मग मला एका खडकामागे पाय रोवून नीट बसवलं, दोर माझ्या पाठीवरून घेऊन माझ्या हातात दिला, आणि माझ्या पुढे जाऊन, खालच्या अंगाला, कातळाकडे तोंड करून उभा राहिला.

"अरे दादा," मी म्हटलं, "तिथे गिऱ्हाईक असतं."

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि दोर ताणला जायची वाट बघत उभा राहिला.

मला हुंदका आवरेना. मी तसाच दोर ओढून घेतला, दोन्ही मुठींत घट्ट धरला, आणि त्याला म्हटलं, "हं, उतर."