बबनभाऊंची मिशी

बबनभाऊ गेल्याचं त्यांच्या मुलाने फोनवर सांगितलं तेव्हा मी भाजी निवडत होते. दुपारी जेवले, आडवे झाले आणि उठलेच नाहीत... फोन ठेवला, आणि मग लाज वाटावी असं हसू आलं. भाऊ म्हटलं की मला त्यांची मिशी आठवते, आणि ती मी पाहिली जेमतेम आठवडाभर.

एकोणीसशे पन्नासच्या दशकात पिंपरीला औषधाचा कारखाना नवाच उभा राहिला होता. मी कासारवाडीहून चालत कामाला जायची. बाटल्या भरायच्या खात्यात आम्ही सगळ्या मुली, आणि जड पिंपं उचलायला खेडकडच्या गावातून आलेले, तालमीत घुमलेले बबनभाऊ. तिथे सगळं निर्जंतुक लागायचं. आत जाताना आम्ही बांगड्या काढून ठेवायचो. भाऊंना साहेबांनी मिशी काढायला सांगितली. "साहेब, रोज तेल लावतो हिला, जंतू कुठनं येतील?" असं भाऊंनी विचारून पाहिलं. साहेब नुकतेच शिकून आलेले. त्यांनी समजावलं, की पुरुषपण रक्तात फिरणाऱ्या रसात असतं, ओठावर नसतं. नोकरी कायम व्हायची होती, भाऊंनी मिशी काढली. त्यांच्याकडे बघायचं नाही असं आम्ही मुलींनी ठरवलं होतं, आणि सगळ्याच जणी बघत होतो.

आमच्या बांगड्या संध्याकाळी पुन्हा हातात चढायच्या, म्हणून कोणाच्या घरी नवरा गेल्याची आवई उठली नाही. मिशीचं तसं नसतं. बाप गेल्याशिवाय मुलगा मिशी उतरवत नाही, ही भाऊंच्या गावची रीत. ते सुट्टीला गावी उतरले, तेव्हा त्यांचे वडील, आबा, नेमके चाकणच्या बाजाराला गेलेले. चुलतीने दारातच पुतण्याचा ओठ पाहिला आणि हंबरडा फोडला. बाजारातच आबांचं काही बरंवाईट झालं, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. भाऊ "अगं काकी, ऐक की" म्हणत राहिले, पण त्या आकांतात त्यांचं कोण ऐकणार? अंगण माणसांनी भरलं. तेवढ्यात आबा बाजारातून परत आले. दारात गर्दी बघून त्यांनी पटका काढला, मान खाली घालून सगळ्यांच्या मागे बसले आणि शेजारच्याला हळूच विचारलं, "कोन गेलं रं?"

एवढं भाऊ कॅन्टीनमध्ये साभिनय करून दाखवायचे. पुढचं मात्र हसत सांगत नसत. "साहेब म्हनत्यात, पुरुषपन रगतात असतंय," असं त्यांनी आबांना सांगून पाहिलं. आबा म्हणाले, "मंग रगात दाखीव गावाला." आणि थोड्या वेळाने, "मी जिता असताना उतरवलीस. मी गेल्यावर माज्यासाठी काय उतरवशील?" त्या दिवसापासून बापाने लेकाशी बोलणं टाकलं. भाऊ दर सुट्टीला जात, आणि आबा भिंतीकडे तोंड करून म्हणत, "त्याला म्हनावं, जेवून जा."

पुढच्या थंडीत आबांना न्युमोनिया झाला. भाऊंनी साहेबांना विनवून बाहेर खोकी भरायचं काम मागून घेतलं आणि मिशी वाढवायला घेतली. म्हातारा गेलाच, तर उतरवायला काहीतरी हवं ना... हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी त्यांच्यासमोरच रडले. एवढा आडदांड माणूस आणि बापाच्या एका शब्दाने किती आतून दुखावला होता.

ओठावर काळी रेघ उमटली, तेव्हा भाऊ रजा टाकून गावी आबांजवळ राहिले होते, आणि आबा अंथरुणातून तिच्याकडे रोज निरखून बघू लागले. शेवटी एक दिवस भिंतीला न सांगता थेट लेकाला म्हणाले, "माज्या मरनाची तयारी चाललीय व्हय रं?" भाऊंचा हात ओठावर गेला. "काढ ती. ती वाढती तसं मला जायाची घाई झाल्यावानी वाटतं." भाऊंनी तिथेच, आबांच्या उशाशी बसून मिशी उतरवली. आबा बरे झाले. भाऊंच्या मते कारखान्याच्या इंजेक्शनने, आबांच्या मते कुळथाच्या कढणाने. त्यावरून बापलेक पुढे कितीतरी वर्षं भांडत राहिले, म्हणजे बोलत राहिले.

परवा वहिनींना भेटायला गेले. खिडकीत आरसा आणि साबणाचा ब्रश अजून तसाच आहे, त्यांच्याने हलववत नाही. भाऊ निवृत्त झाले त्या वर्षी याच खिडकीशी दाढी करत होते. आबा जाऊनही तेव्हा बराच काळ लोटला होता. मी म्हटलं होतं, "भाऊ, आता ना साहेब, ना आबा. ठेवा की मिशी." भाऊंनी ओठावरचा फेस हलकेच पुसला.

"नको ताई," ते म्हणाले, "मिशी आली की आबा गेल्यासारखं वाटतं."