बाळंतिणीचा शेक

चिंचवड गावठाणात चूल धुमसायला लागली, शेगडीला तडा गेला किंवा चुलीचा वैल, म्हणजे तिला जोडलेली बाजूची छोटी चूल, ढासळला, की अंबुबाईला बोलावणं जाई. सत्तावन्न-अठ्ठावन्न सालची गोष्ट. अंबुबाई जातीनं कुंभारीण, विधवा, अंगानं काटकुळी, तोंडानं फाटकी. चिकणमातीत भुसा नि घोड्याची लीद मळून ती डागडुजी करी आणि करताकरता मालकिणीची हजेरी घेई. "चूल नुसती पेटवायची नसती, सारवायची बी असती," हे तिनं गावात नव्यानं राहायला आलेल्या मला पहिल्याच दिवशी ऐकवलं. मी बी.ए. झालेली आहे वगैरे तिच्या खिजगणतीत नव्हतं.

पण तिला मान होता तो बाळंतिणीच्या शेकासाठी. बाजेखाली ठेवायची बसकी शेगडी ती स्वतः घडवी, गोवरीची आच किती ते स्वतः ठरवी आणि बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून खोलीच्या फटी चिंध्यांनी स्वतः बुजवी. तळवड्यापर्यंत तिला बैलगाडी पाठवून नेत. तिच्या हाताखालून उठलेल्या बायकांना म्हातारपणी कंबर धरत नाही, अशी ख्याती होती.

आणि तिच्याच पोटच्या इंद्रायणीची कूस मात्र भरत नव्हती. दोनदा दिवस राहिले, दोनदा वाया गेले. तिसऱ्या खेपेला नऊ महिने पुरे झाले. जावई ज्योतीराम साताऱ्याकडचा, पिंपरीच्या कारखान्यात लागलेला. दवाखाना जवळ आहे म्हणून बाळंतपण क्वार्टरमध्येच करायचं, असा त्यानं हट्ट धरला. अंबुबाई कबूल झाली, पण शेक मी देणार, त्यात कुणी बोलायचं नाही, या अटीवर. मुलगी झाली. ऐन पौषातली थंडी. पवनेकडून वारा आला की दात वाजत.

क्वार्टर नवी होती. वर सिमेंटची स्लॅब, भिंतींना ताजा चुना. पहिल्या दोन दिवसांतच गोवरीच्या धुरानं भिंत काळवंडली. ज्योतीराम कळवळून म्हणाला, मामी, साहेब लोक बघायला येतात, भिंतीचं काहीतरी करा. मग अंबुबाईनं लोणारी कोळसा आणला. आमच्याकडे येऊन तिनं त्याची कोण तारीफ केली! धूर नाही, ठसका नाही, पोरीचे डोळे चुरचुरत नाहीत. दारावर झरोका होता, त्यात तिनं पोतं कोंबलं. आता कसं ऊबदार झालं, म्हणाली.

जन्मभर ती कौलांखाली शेगड्या पेटवत आली होती. शेगडीतून जे काही वाईट निघे ते कौलांच्या सांदीतून परस्पर निघून जाई, म्हणून त्याचा कुणी विचारच केला नव्हता. तिनं नाही, तिच्या आईनंही नाही. गोवरी निदान ठसका लावून दार उघडायला तरी लावते. कोळसा काहीच बोलत नाही.

इंद्रायणी डोकं दुखतं म्हणायला लागली. मळमळतं म्हणाली. अंबुबाईनं निदान केलं, डोक्यात वारं शिरलंय. आणि शेगडीत आणखी दोन ओंजळी कोळसा घातला.

त्या सकाळी लेकीला आणि नातीला न्हाऊमाखू घालून, शेगडी बाजेखाली सारून, दार ओढून अंबुबाई माझ्या चुलीचा वैल बसवायला आली. काम झाल्यावर मी अळिवाची खीर घेऊन तिच्याबरोबर निघाले. दार उघडलं. इंद्रायणी निवांत पडलेली, गाल गुलाबासारखे लाल.

"बगा बाई, कसा रंग चढलाय," अंबुबाई कौतुकानं म्हणाली. "शेक लागला माज्या बायला."

मी हाक मारली. खांदा हलवला. मान कलंडली. मला रसायनशास्त्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण माणूस असं झोपत नाही एवढं कळत होतं. मी बाज दाराकडे ओढायला लागले. अंबुबाईनं बाजेचा खूर धरला.

"भाईर न्हाई न्यायची. ओली बाळंतीण हाय ती, वारं लागून मरंल!"

"सोडा खूर."

"न्हाई सोडायची. हिची दोन गेली पोटातच, हिला न्हाई जाऊ देनार."

तिच्या अंगात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. मी दारापाशी ओढतेय, ती आत ओढतेय, आणि मध्ये इंद्रायणीची मान इकडून तिकडे लोळतेय. मग माझ्या तोंडून गेलं, "पोरगी रडत का नाही, अंबुबाई? एवढा दंगा चाललाय, ती का रडत नाही?"

तिनं खूर सोडला. दुपट्यात हात घातला, पोरीच्या तळपायाला चिमटा काढला. पुन्हा काढला. मग पोरीला उचलून ती बाहेर धावली आणि त्या थंडीत तिची सगळी दुपटी सोडून टाकली. तिला उलटं धरलं, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात फुंकलं. मी एकटीनं बाज उंबऱ्याबाहेर काढली.

इंद्रायणी वाऱ्यावर आल्यावर ओकली, कण्हली आणि शुद्धीवर आली. पोरगी नाही आली. दवाखान्यातली नर्स येईपर्यंत अंबुबाई फुंकत होती. नर्सनं पोर हातातून काढून घेतलं तरी तिचं तोंड तसंच हलत होतं.

शेजारच्या बायका जमल्या. सटवाईनं एवढंच लिहिलं होतं, अशी समजूत घालायला लागल्या. सोजराबाई म्हणाल्या, कुणाची तरी दृष्ट लागली. इंद्रायणी आईकडे बघत होती. अंबुबाईनं नुसतं हूं म्हटलं असतं तरी ती सुटली असती. गावानं तर तिला दोषातून सोडलंच होतं.

"सटवाईचा काय संमंद न्हाई," ती म्हणाली. "म्या मारली. झरोका म्या बुजवला."

इंद्रायणीनं तोंड फिरवलं. ते वर्षभर फिरलेलंच राहिलं. अंबुबाईनं चुली लिंपणं चालू ठेवलं, पोटासाठी करावंच लागतं. पण शेकाला बोलवायला आलेल्यांना ती शिव्या घालून परत पाठवी.

पुढच्या थंडीत इंद्रायणी पुन्हा बाळंत झाली. मुलगा. आईला निरोप गेला नाही. तरी अंबुबाई चिंचवडाहून चालत आली. शेगडी नव्हती, गरम पाण्याच्या रबरी पिशव्या होत्या. ती आत गेली नाही. दार अर्धं उघडं राहील अशी त्याला पाठ लावून उंबऱ्यावर बसली आणि रोज येऊन तशीच बसत राहिली, थंडीनं काकडत. इंद्रायणीनं तिला आत ये म्हटलं नाही. दार लावून घे असंही म्हटलं नाही.