कादंबरीत नसलेली खानावळ

मुलगी सासरहून बॅग घेऊन आली तेव्हा तिला काही विचारायचं नाही, असं मी आणि बायकोने ठरवलं. ते आम्ही काटेकोर पाळलं. पण त्यात काही सांगायचंही राहून गेलं. आमच्या घरात विजेच्या बिलावर तासभर बोलणं होतं, असल्या गोष्टींवर होत नाही. शेवटी मी माझी सगळ्यात आवडती कादंबरी कपाटातून काढून तिच्या हातात दिली. म्हटलं, "वाच. मला जे म्हणायचंय ते सगळं यात आहे."

या कादंबरीची नायिका नवऱ्याचं घर सोडते आणि परळला गिरणी कामगारांसाठी खानावळ काढते. चौदा माणसं, माणशी तीन भाकऱ्या, म्हणजे बेचाळीस. पहिल्या पाळीच्या आधी एवढ्या भाजायच्या तर तिला किती वाजता उठावं लागेल, हे मी लहानपणी पाटीवर मांडून पाहिलं होतं. कादंबरीत होतं तेच उत्तर आलं. तेव्हापासून त्या लेखकावर माझा विश्वास बसला. नवरा तिला न्यायला येतो तेव्हा ती त्याला पंगतीत बसवते, पोटभर वाढते आणि बाकीच्यांइतकेच पैसे घेते. ऑफिसात, लग्नांत, मुलीसमोर तर कितीदा, मी म्हणत आलो की बाई असावी तर अशी. गोष्ट मात्र सांगत नसे. सांगितली की लोक वाचत नाहीत.

दोन दिवसांनी मुलीने पुस्तक जेवणाच्या टेबलावर आणून ठेवलं.

"वाचली?"

"वाचली. बाबा, मी नकोय तर तोंडाने सांगा ना. कादंबरी कशाला देता?" एवढं बोलून ती आत गेली आणि बॅग भरायला लागली.

"काय दिलंत तिला?" बायकोने विचारलं.

मी पुस्तक उघडलं. आता खरं सांगायला हवं. ही कादंबरी मी वाचली आहे असं मी मानत होतो, पण खरं तर ती फक्त ऐकलेली होती. नायगावला बीडीडी चाळीत, दोन्ही बाजूंच्या खोल्यांमधल्या लांब पॅसेजमध्ये, दुपारी बायका तांदूळ निवडत बसायच्या आणि माझी सातवी पास आई मोठ्याने वाचायची. नोकरी लागल्यावर मी गिरगावातल्या दुकानातून स्वतःची प्रत आणली, तिला खाकी कव्हर घातलं आणि पाठ असल्यामुळे कधी उघडली नाही.

तीनशे बारा पानं मी उभ्याउभ्या भराभर चाळली. नायिका घर सोडते, ते खरं. मग ती एका लांबच्या आत्याकडे राहते, रडते, पस्तावते आणि नवऱ्याच्या पायांवर डोकं ठेवते. नवरा मोठ्या मनाने क्षमा करतो. लेखकही करतो. परळ नाही, भाकरी नाही. खानावळ मी दोनदा शोधली.

आई खिडकीपाशी लसूण सोलत होती. मी पुस्तक तिच्यापुढे धरलं. "आई, यातली खानावळ कुठाय?"

"ती होय," आई म्हणाली. "ती मी घातली."

"घातली म्हणजे?"

"अरे, पायावर डोकं ठेवते तिथे आले नि मान वर केली. समोरच्या खोलीतली बसली होती, गालावर वळ. आदल्या दिवशीच परत नवऱ्याकडे आलेली. तिला काय ते वाचून दाखवू?"

"पण लेखकाने लिहिलं होतं ना?"

"तो काय ऐकायला येणार होता नायगावात?"

"आणि भाकऱ्यांचा हिशेब?"

"तो माझ्या मावशीचा. तिची खानावळ होती. खोटा असता तर तुझा बरोबर आला असता?" तिने लसणाची पाकळी वाटीत टाकली. "आणि इतकी वर्षं घरात आहे ते पुस्तक. तू वाचलंस काय?"

"कव्हर," बायको म्हणाली.

मुलगी बॅग घेऊन दारात उभी होती. तिने किती ऐकलं ते माहीत नाही, पण आजीकडे बघत होती. मी म्हणालो, "मला म्हणायचं होतं ते या पुस्तकात नाहीये."

"मग काय म्हणायचं होतं?"

आता हातात द्यायला काही नव्हतं. "परत जायचं नाही," मी म्हणालो. "म्हणजे तुला स्वतःला वाटलं तर जा. पण आम्हाला काय वाटेल म्हणून जायचं नाही. हे घर तुझं आहे."

एवढं बोलायला मला बराच वेळ लागला. मध्ये कोणी मदत केली नाही.

मग मी म्हटलं, "कपाटातला एक खण रिकामा करून देतो."

"एका खणात माझं काय मावणार, बाबा?" ती म्हणाली आणि बॅग खाली ठेवली.