डिस्चार्जचा फोटो

आज मी या इस्पितळाची प्रशासक आहे. पत्रकारितेची पदवी घेऊन इथं जनसंपर्क अधिकारी म्हणून लागले, तेव्हा वडील म्हणाले होते, "आगीतून फुफाट्यात." काम सोपं होतं. बातम्या लिहायच्या, डॉक्टरांचे फोटो छापून आणायचे. रुग्णाच्या नाडीशी माझा काही संबंध नव्हता.

डिस्चार्जचा फोटो ही माझीच कल्पना. मोठ्या शस्त्रक्रियेचा रुग्ण घरी निघाला की हातात गुच्छ, मागे डॉक्टरांची रांग, संध्याकाळी बातमी सगळ्या पेपरांना. दरवेळी परवानगी मागत बसायला नको म्हणून दाखल होतानाच्या फॉर्मवर मी एक ओळ घालून घेतली: फोटो व माहिती प्रसिद्ध करण्यास हरकत नाही. आपल्या हुशारीचं मला फार कौतुक वाटलं होतं.

करमाडची एकवीस वर्षांची मुलगी हृदयाची झडप बदलून घरी निघाली. तिची बातमी मी मन लावून लिहिली. नाव, गाव, वडील शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, सगळं. फोटोसाठी ती हसेना, तर मीच तिला हसवलं. चार पेपरांत बातमी आली. इस्पितळाच्या अध्यक्षांनी केबिनमध्ये बोलावून पेढा दिला आणि मला उपप्रशासक केलं.

तिसऱ्या दिवशी तिचे वडील कात्रण घेऊन आले. पोरीचं लग्न ठरलेलं होतं. सासरच्यांना ऑपरेशनचं सांगितलेलं नव्हतं. त्यांनी सकाळी पेपर वाचला आणि दुपारी नकाराचा निरोप धाडला. मुळात लपवलंच कशाला, असं मनात आलं आणि मला जरा बरंही वाटलं, हे कबूल करते. मी चटकन फॉर्म काढून सही दाखवली.

"म्या पोरगी बरी करा म्हणून सही केली, मॅडम," ते म्हणाले. "आता असं छापा, ती पोरगी आमची नव्हती."

खुलासा छापला तर ज्यांनी वाचलं नाही तेही वाचतील, एवढं मी शिकले होते. तेच त्यांना सांगितलं. कात्रणाची घडी खिशात घालून ते गेले.

उपप्रशासक म्हणून फेरतपासणीच्या याद्या माझ्याकडे येऊ लागल्या. अशी यांत्रिक झडप बसवली की रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात आणि वरचेवर रक्त तपासावं लागतं, नाहीतर झडपेवर गुठळी धरून जीव जातो, हे मला तेव्हा कळलं. करमाडच्या त्या मुलीच्या नावापुढे तीन महिने 'आली नाही' असा शेरा होता. घरचे फोन उचलत नव्हते. मी तडक करमाडला गेले.

गेले ती इस्पितळाच्या गाडीतून. तिच्यावर इस्पितळाचं नाव हातभर अक्षरांत मीच रंगवून घेतलेलं. गाडी दाराशी थांबली तशा शेजारच्या बायका बाहेर आल्या. मुलीची आई उंबऱ्यातच उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्यात कोणी आजारी नाय. घर चुकलात तुमी."

आईच्या मागे ती मुलगी उभी होती. भर उन्हाळ्यात ओढणी गळ्यापर्यंत घट्ट लपेटलेली. मी आवाज न करता, नुसते ओठ हलवून विचारलं, "गोळ्या?"

तिनं नकारार्थी मान हलवली, आणि आईनं दार लावून घेतलं.